मुष्टिवीर जो लुई



आपल्या स्मरणिकेत दरवेळी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र असते. संत झाले, समाजसुधारक झाले, शूर स्त्रिया झाल्या. या खेपेस मी एका मुष्टियोद्ध्याचे चरित्र लिहिणार असे कळले तेव्हा काही मैत्रिणींनी नवल केले. एकमेकांच्या तोंडावर ठोसे मारणाऱ्यांचा तो खेळ, त्यात घ्यायचे ते काय, असे त्यांचे म्हणणे पडले. प्रश्न रास्त आहे. मलाही या खेळातले डावपेच फारसे कळत नाहीत. पण अमेरिकेतील जो लुई याचे चरित्र वाचले आणि मला वाटले की, यात मुठीपेक्षा मनाचा भाग मोठा आहे. शिवाय या चरित्रात एक आई आहे. तिने मुलासाठी एक गोष्ट योजली होती, मुलाने दुसरीच निवडली. असा प्रसंग आपल्यापैकी किती घरांत येतो! म्हणून हे चरित्र आपल्या मंडळात वाचले जावे असे मला मनापासून वाटते.

जो लुईचे पूर्ण नाव जोसेफ लुई बॅरो. त्याचा जन्म १३ मे १९१४ रोजी अमेरिकेच्या दक्षिण भागातील अलाबामा राज्यात, लाफायेट गावाजवळ झाला. हे कुटुंब निग्रो, म्हणजे आज ज्यांना कृष्णवर्णीय म्हणतात त्या समाजातले. जोचे आजी-आजोबा गुलामगिरीत जन्मलेले. गुलामगिरी कायद्याने संपली होती, तरी तिची छाया गेली नव्हती. वडील मन्रो बॅरो दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवीत. आपल्याकडे बटाईने शेती करणाऱ्याचे हाल आपण पाहिलेले आहेत. राबायचे आपण आणि धान्य जायचे दुसऱ्याच्या घरी, तशातलीच ती गत होती.

आठ भावंडांत जो सातवा. तो अवघा दोन वर्षांचा असताना वडिलांचे मन बिघडले व त्यांना वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे लागले. ते पुन्हा घरी आले नाहीत. पुढे ते वारले अशी बातमी घरी आली आणि सर्वांनी ती खरी मानली. प्रत्यक्षात ते १९३८ पर्यंत त्या इस्पितळात जिवंत होते. मुलगा जगप्रसिद्ध झाला हे त्यांना कधी कळलेच नाही. असे दुर्दैव वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

आई लिलीबाईंच्या पदरात आठ मुले. ही बाई अंगापिंडाने दणकट होती आणि शेतात पुरुषांच्या बरोबरीने काम करी. देवावर तिची फार श्रद्धा. मुलांनी खोटे बोलू नये, कोणाचे देणे बुडवू नये आणि रविवारी प्रार्थनेला जावे, एवढे तिचे नियम. काही वर्षांनी तिने पॅट ब्रुक्स नावाच्या एका विधुराशी लग्न केले. त्यांचीही मुले होती. दोन्हीकडची मुले एका घरात, एका बिछान्यात तिघे-चौघे झोपत. जो लहानपणी फार उशिरा बोलू लागला आणि बोलतानाही अडखळे. शाळेत मागे पडे. मुले हसत, म्हणून तो आणखीच गप्प होई. हा गप्प राहण्याचा स्वभाव त्याला जन्मभर राहिला.

१९२६ साली हे कुटुंब अलाबामा सोडून उत्तरेकडे डेट्रॉइट शहरात आले. दक्षिणेत गोऱ्या लोकांची एक दहशत पसरवणारी संघटना होती. तिच्या माणसांशी गाठ पडल्यावर ब्रुक्स कुटुंबाने तेथे राहायचे नाही असे ठरविले. डेट्रॉइटला मोटारींचे मोठमोठे कारखाने. तेथे काळ्या माणसालाही रोजंदारी मिळे. पण तीन-चार वर्षांत अमेरिकेत मोठी मंदी आली. कारखाने बसले, माणसे घरी बसली. ब्रुक्स कुटुंबाचीही कमाई थांबली आणि शहराच्या मदतखात्याकडून मिळणाऱ्या पैशांवर काही दिवस काढावे लागले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

जोला लाकूडकाम शिकवणाऱ्या शाळेत घातले होते. शाळा सुटल्यावर तो बर्फाच्या गाडीवर काम करी. तेव्हा घरोघरी शीतकपाटे नव्हती. घोडागाडीतून बर्फाच्या लाद्या येत आणि त्या खांद्यावर घेऊन जिने चढावे लागत. त्याचे खांदे आणि पाठ या कामानेच भरली असे पुढे तो सांगत असे.

आता व्हायोलिनची गोष्ट. मुलगा उनाड पोरांच्या नादी लागू नये, त्याच्या हातात एखादी कला असावी, म्हणून लिलीबाईंनी जोला व्हायोलिन शिकायला घातले. त्या ओढाताणीच्या दिवसांत त्या शिकवणीसाठी दर आठवड्याला पन्नास सेंट देत. आपल्या भाषेत सांगायचे तर तोंडातला घास काढून दिलेला हा पैसा. जो ते वाद्य घेऊन घराबाहेर पडे खरा, पण त्याचे मन त्यात रमेना. एवढ्या मोठ्या हातांत ते लहानसे वाद्य पाहून पोरे चिडवीत. त्याचा एक मित्र मुष्टियुद्ध खेळे. त्याने जोला ब्रूस्टर नावाच्या सार्वजनिक व्यायामशाळेत नेले. तेथे कपडे ठेवण्याच्या कपाटाला भाडे पडे. व्हायोलिनचे पैसे त्या भाड्यात गेले.

हे बरोबर झाले असे मी म्हणणार नाही. आईचा पैसा आईला न सांगता दुसरीकडे लावणे हे वाईटच. गोष्ट उघडकीस आली तेव्हा लिलीबाईंना किती लागले असेल याची कल्पना कोणतीही आई करू शकेल. पण त्यांनी आकांडतांडव केले नाही. मुलाचे मन कशात आहे हे त्यांनी पाहिले. हाच रस्ता धरायचा असेल तर मन लावून धर, अर्धवट काही करू नकोस, अशा अर्थाचे त्यांनी त्याला बजावले आणि आपला आशीर्वाद दिला. सावत्र वडिलांचे मत मात्र वेगळे होते. त्यांना वाटे की हे चाळे सोडून मुलाने कारखान्यात पक्की नोकरी धरावी. त्यांचेही चूक नव्हते. घरात खाणारी तोंडे पुष्कळ होती.

जो बॅरोचा जो लुई कसा झाला याबद्दल दोन गोष्टी सांगतात. एक अशी की, आईला कळू नये म्हणून त्याने आडनाव गाळले. दुसरी अशी की, पहिल्या सामन्याचा अर्ज भरताना त्याने अक्षर एवढे मोठे काढले की आडनावाला जागाच उरली नाही. कोणती का असेना, ते अपुरे नावच पुढे जगाच्या तोंडी बसले.

पहिला सामना १९३२ च्या सुरुवातीस झाला. जो तेव्हा सतरा वर्षांचा होता. हौशी सामना म्हणजे तीन फेऱ्यांचा. रोख पैसे घ्यायचे नाहीत असा हौशी खेळाडूंचा नियम. म्हणून बक्षीस म्हणून दुकानातून सामान घेण्याची चिठ्ठी मिळे. जोपुढे उभा होता जॉनी मायलर. हा पोरगा कच्चा नव्हता, त्याच वर्षी तो अमेरिकेच्या ऑलिंपिक पथकात गेला. पहिल्याच खेळात असला गडी समोर आल्यावर व्हायचे तेच झाले. मायलरने जोला सात वेळा जमिनीवर लोळविले. सात वेळा पडला आणि सात वेळा उठला. तिन्ही फेऱ्या त्याने पुऱ्या केल्या, पण सामना हरला. सात डॉलरची चिठ्ठी आणि सुजलेले तोंड घेऊन तो घरी गेला. ती चिठ्ठी त्याने आईच्या हातात दिली.

यानंतर काही महिने तो व्यायामशाळेकडे फिरकला नाही. सावत्र वडिलांचे ऐकून मोटारीच्या कारखान्यात लागला. तेथे जड सांगाडे ढकलण्याचे काम. संध्याकाळी पाठ सरळ होत नसे. पण आतल्या आत त्याला एकच गोष्ट खात होती. आपण हरलो हे दुःख नव्हते, आपण न शिकता रिंगणात उतरलो हे दुःख होते. मग तो परत गेला. व्यायामशाळेतील जाणत्यांनी त्याला अगदी पाटीवरच्या श्रीगणेशापासून शिकविले. पाय कसे ठेवायचे, डावा हात पुढे कसा टाकायचा, अंगाचा तोल न घालवता उजवा ठोसा कसा द्यायचा. फार उड्या नाहीत, हातवारे नाहीत. थोडक्या हालचालीत नेमका ठोसा, ही त्याची रीत तेव्हापासून पडली.

हौशी सामन्यांत त्याचा दोन वर्षांचा काळ गेला. गोल्डन ग्लोव्हज, म्हणजे सोनेरी हातमोजे, नावाच्या स्पर्धा अमेरिकेतील शहराशहरांत होत. गरिबांच्या मुलांना पुढे येण्याची ती मोठी वाट होती. जोने १९३३ मध्ये डेट्रॉइटच्या स्पर्धेत नवख्यांच्या गटात विजय मिळविला. पण शिकागोच्या पुढच्या पायरीवर त्याला हार खावी लागली. त्याच साली बॉस्टनला झालेल्या राष्ट्रीय हौशी स्पर्धेच्या शेवटच्या सामन्यात मॅक्स मॅरेक याने त्याला हरविले. जो खचला नाही, पुन्हा शिकायला बसला. १९३४ मध्ये त्याने शिकागोची स्पर्धा जिंकली आणि एप्रिलमध्ये सेंट लुई शहरी राष्ट्रीय हौशी अजिंक्यपदही मिळविले. हे पद सुमारे ७९ किलोपर्यंतच्या वजनगटातले. एकंदर ५४ हौशी सामन्यांपैकी त्याने ५० जिंकले, ४ हरला. जिंकलेल्या पन्नासांपैकी ४३ सामन्यांत समोरचा गडी दहा आकडे मोजून होईपर्यंत उठू शकला नाही किंवा पंचांना सामना थांबवावा लागला, असा हिशेब दिलेला आढळतो.

मला या आकड्यांत ४३ पेक्षा ४ हा आकडा मोठा वाटतो. कारण प्रत्येक हारीनंतर त्याने कोणाला दोष दिला नाही. पंच वाईट होता, माझी तब्येत बरी नव्हती, असे बहाणे त्याने केले नाहीत. आपल्या मुलांची परीक्षेत एखादी यत्ता हुकली की आपण आधी मास्तरांकडे बोट दाखवितो. येथे एका अर्धशिक्षित पोराने हार कशी पचवावी हे दाखविले.

याच सुमारास जॉन रॉक्सबरो नावाच्या एका काळ्या गृहस्थाची नजर त्याच्यावर गेली. रॉक्सबरो डेट्रॉइटमध्ये वजनदार माणूस. त्याची कमाई आकड्यांच्या सट्ट्यावरची होती, हे लपवण्यासारखे नाही. पुढे त्याला त्यापायी शिक्षाही झाली. पण जोला त्याने घरच्या मुलाप्रमाणे वागविले, चांगले खाऊ घातले, कपडे केले आणि वागण्याची शिस्त लावली. शिकागोच्या ज्युलियन ब्लॅकला त्याने भागीदार घेतले आणि जॅक ब्लॅकबर्न या जुन्या मुष्टियोद्ध्याला शिक्षक नेमले. ब्लॅकबर्न आधी तयार नव्हता. काळ्या खेळाडूला न्याय मिळत नाही, पंच गोऱ्याच्या बाजूने कौल देतात, मग श्रम वाया कशाला घालवायचे, असे त्याला वाटे. तयार झाला तेव्हा त्याने जोला एकच मंत्र दिला. निकाल पंचाच्या हाती ठेवायचाच नाही, आपल्या मुठीनेच तो लावायचा. ४ जुलै १९३४ रोजी शिकागोत जो पहिला धंदेवाईक सामना खेळला आणि पहिल्याच फेरीत जिंकला. त्याचे त्याला ५९ डॉलर मिळाले.

रॉक्सबरोने घातलेले नियम सांगितल्याशिवाय जोच्या वागण्याचा अर्थ कळणार नाही. त्याच्या आधी जॅक जॉन्सन हा काळा मुष्टियोद्धा १९०८ ते १९१५ जगज्जेता होता. तो मोठा खेळाडू, पण हरलेल्या गोऱ्या खेळाडूंना हिणवी, गोऱ्या बायकांबरोबर उघडपणे फिरे. गोऱ्या समाजाने त्याचा इतका डंख धरला की, त्यानंतर वीस वर्षे एकाही काळ्याला सर्वांत वजनदार गटाच्या जगज्जेतेपदासाठी खेळू दिले नाही. तेव्हा जोने सांभाळून वागावे असे ठरले. गोऱ्या स्त्रीबरोबर छायाचित्र काढायचे नाही. हरलेल्या गड्यापुढे हसायचे नाही, त्याला कमी लेखायचे नाही. ठरवून हरण्याजिंकण्याचा व्यवहार करायचा नाही. स्वच्छ राहायचे आणि स्वच्छ खेळायचे.

यातला अन्याय उघड आहे. गोऱ्या खेळाडूला असली बंधने नव्हती. एका माणसाने सगळ्या समाजाची अब्रू खांद्यावर घेऊन चालायचे म्हणजे केवढे ओझे! आपल्याकडे घराण्याची लाज सुनेनेच राखावी असे जुन्या काळी म्हणत, त्यातला प्रकार. पण हरलेल्याला न हिणवणे हा नियम जोला वेगळा पाळावा लागला नाही, तो त्याच्या स्वभावातच होता. खाली पडलेल्या गड्यापासून तो मुकाट्याने दूर जाऊन उभा राही. त्याच्या चेहऱ्यावर विजयाचा माज कधी दिसला नाही.

हातात पैसा आला तेव्हा त्याने काय केले पाहा. आईला घर घेऊन दिले. भावंडांच्या शिक्षणाला पैसे लावले. आणि डेट्रॉइटच्या मदतखात्याने मंदीच्या दिवसांत त्याच्या घरच्यांना जे पैसे दिले होते, ते हिशेब करून परत नेऊन भरले. कोणी मागितले नव्हते. ती मदत फेडायची असते असा कायदाही नव्हता. पण कोणाचे देणे बुडवू नये ही आईची शिकवण होती. वयाच्या एकविसाव्या वर्षी, जग डोक्यावर घेऊन नाचत असताना, हे आठवणे सोपे नाही. लिलीबाईंच्या पन्नास सेंटांची फेड त्या दिवशी झाली असे मी समजते.

१९३५ मध्ये त्याने इटलीचा अवाढव्य प्रिमो कार्नेरा आणि माजी जगज्जेता मॅक्स बेअर यांना हरविले. बेअरशी सामना झाला त्याच दिवशी, २४ सप्टेंबरला, त्याचे मार्व्हा ट्रॉटर हिच्याशी लग्न लागले. मग थोडा गर्व म्हणा, गाफीलपणा म्हणा, शिरला. तो सरावापेक्षा गोल्फ जास्त खेळू लागला. १९ जून १९३६ रोजी जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने त्याला बाराव्या फेरीत आडवा केला. डावा ठोसा मारल्यावर जो हात खाली सोडतो, एवढी एक खोड श्मेलिंगने हेरून ठेवली होती. त्या रात्री काळ्या वस्त्यांत माणसे रस्त्यावर रडली असे लिहिलेले आहे. जो पुन्हा ब्लॅकबर्नपुढे विद्यार्थी होऊन बसला आणि ती खोड मोडून काढली. २२ जून १९३७ रोजी शिकागोत जेम्स ब्रॅडकशी जगज्जेतेपदाचा सामना झाला. पहिल्या फेरीत जो स्वतः खाली पडला, पण उठला आणि आठव्या फेरीत जिंकला. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता.

बरोबर एक वर्षाने, २२ जून १९३८ ला, न्यूयॉर्कमध्ये श्मेलिंगशी पुन्हा गाठ पडली. तोवर जर्मनीत हिटलरचे राज्य पक्के झाले होते. गोरा जर्मन हाच श्रेष्ठ, अशी त्यांची घमेंड. त्यामुळे सामना दोन माणसांचा न राहता दोन देशांचा झाला. सत्तर हजार लोक पाहायला जमले होते आणि कोट्यवधी लोक रेडिओला कान लावून बसले होते. दोन मिनिटे चार सेकंदांत जोने सामना संपविला. ज्या देशात काळ्या माणसाला अनेक ठिकाणी गोऱ्याशेजारी बसून जेवता येत नव्हते, त्या देशातले गोरेही त्या रात्री काळ्या जोच्या नावाने नाचले. एवढे करूनही दुसऱ्या दिवशी त्या खाणावळींचे दरवाजे उघडले नाहीत. पण पायाचा एक दगड बसला, तो पुढे उपयोगी पडला.

या श्मेलिंगबद्दलही दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. तो हिटलरच्या पक्षाचा सभासद कधी झाला नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत यहुद्यांवर हल्ले झाले तेव्हा त्याने दोन यहुदी मुलांना स्वतःच्या खोलीत लपवून वाचविले, हे पुष्कळ वर्षांनी जगाला कळले. युद्धानंतर जो आणि तो मित्र झाले, आणि ती मैत्री शेवटपर्यंत टिकली. रिंगणातले वैर रिंगणातच ठेवायचे, हे दोघांनीही पाळले.

अमेरिका महायुद्धात उतरल्यावर जानेवारी १९४२ मध्ये जो साधा शिपाई म्हणून सैन्यात भरती झाला. त्याच महिन्यातल्या एका सामन्याची आपली कमाई त्याने आरमाराच्या मदतनिधीला दिली, आणि मार्चमधील सामन्याची सैन्याच्या निधीला. आरमारात तेव्हा काळ्यांना जेवणघरातील चाकरीपलीकडे फारसे काम देत नसत. अशांना पैसे कशाला, म्हणून त्याच्या समाजातील काहींनी त्याला बोलही लावले. त्याचे मत असे की, देशात चुकीचे बरेच आहे, पण हिटलर येऊन ते सुधारणार नाही. सैन्यात त्याने जवळजवळ शंभर प्रदर्शनीय सामने शिपायांसाठी विनामूल्य केले. प्रेक्षकांत काळे आणि गोरे वेगवेगळे बसवले तर मी खेळणार नाही, असे त्याने स्वच्छ सांगितले. पुढे बेसबॉलमध्ये नाव गाजविणारा जॅकी रॉबिन्सन आणि त्याचे काळे सोबती अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी अडवले गेले, तेव्हा जोने आपल्या ओळखी लावून त्यांची वाट मोकळी केली. बोलायला अडखळणारा हा माणूस जेथे बोलणे जरूर होते तेथे गप्प राहिला नाही.

१ मार्च १९४९ रोजी त्याने निवृत्ती घेतली. अकरा वर्षे आठ महिने तो जगज्जेता राहिला आणि पंचवीस वेळा त्याने हे पद राखले. येथे चरित्र संपले असते तर किती गोड झाले असते! पण खरे लिहायचे तर पुढचेही लिहिले पाहिजे.

जोला पैसा मिळवता आला, सांभाळता आला नाही. मागेल त्याला तो देई. मित्रांच्या धंद्यात घाली, ते धंदे बुडत. स्वतःच्या हाताने हिशेबाची वही त्याने कधी ठेवली नाही. संसारही नीट झाला नाही. मार्व्हाशी काडीमोड झाला, पुन्हा लग्न झाले, पुन्हा मोडले. त्याचे वागणे एकनिष्ठ नव्हते, हे त्याचे चाहतेही नाकारत नाहीत. मग सरकारच्या करखात्याचा तगादा सुरू झाला. ज्या दोन सामन्यांची कमाई त्याने देशाला दिली, तीही त्याचे उत्पन्न धरली गेली. व्याज चढत गेले आणि थकबाकी दहा लाख डॉलरांच्या वर गेली. कर भरण्यासाठी तो छत्तिसाव्या वर्षी पुन्हा रिंगणात उतरला. १९५० मध्ये एझर्ड चार्ल्सकडून हरला आणि २६ ऑक्टोबर १९५१ रोजी तरुण रॉकी मार्सियानोने त्याला आठव्या फेरीत रिंगणाच्या दोऱ्यांबाहेर पाडले. जोला देव मानणारा मार्सियानो जिंकल्यावर त्याच्या खोलीत जाऊन रडला, असे सांगतात. पुढे पोटासाठी जोने कुस्तीचे खेळही केले. लिलीबाई १९५३ मध्ये वारल्या. त्यानंतरच्या काळात व्यसन, मनाचा आजार, इस्पितळ हेही त्याच्या वाट्याला आले. अखेरच्या वर्षांत तो लास व्हेगासच्या एका मोठ्या हॉटेलात पाहुण्यांचे स्वागत करण्याची नोकरी करीत होता. १२ एप्रिल १९८१ रोजी, वयाच्या ६६ व्या वर्षी, तो वारला.

अमेरिकेत देशासाठी लढलेल्या वीरांची आर्लिंग्टन ही मानाची दफनभूमी आहे. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी खास सवलत देऊन जोला तेथे जागा दिली. अंत्यविधीच्या खर्चाला ज्यांनी हातभार लावला त्यांत मॅक्स श्मेलिंग होता.

आता मैत्रिणींच्या प्रश्नाकडे येते. ठोसे मारणाऱ्याकडून घ्यायचे काय? मला तीन गोष्टी दिसल्या. सात वेळा पडल्यावर उठणे ही पहिली. कोणी न मागता देणे फेडणे ही दुसरी. आणि खाली पडलेल्याला न हिणवणे ही तिसरी. या तिन्ही गोष्टी त्याच्या हौशी दिवसांत, म्हणजे नाव आणि पैसा येण्याच्या आधीच, त्याच्या अंगी आल्या होत्या. त्या पैशाने आल्या नाहीत, म्हणून पैसा गेला तेव्हाही त्या गेल्या नाहीत. त्याने केलेल्या चुकाही आपल्या उपयोगाच्या आहेत. मुलांना मिळवायला शिकवतो तसे राखायलाही शिकवावे. चार पैसे हातात आले की वही घालावी, आणि गोड बोलून मागणाऱ्याला नाही म्हणण्याची सवय ठेवावी. आपल्यातल्या ज्या बायका बचतीची वही चोख ठेवतात, त्यांचे ज्ञान जो लुईच्या सल्लागारांपेक्षा नक्कीच मोठे!

आणि आयांसाठी एक. आज आपल्या मुलीसुद्धा मुष्टियुद्ध खेळतात. मणिपूरच्या मेरी कोमने २०१२ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये पदक मिळविले तेव्हा ती जुळ्या मुलांची आई होती. तेव्हा उद्या आपल्या घरातले एखादे लेकरू आपण दिलेले व्हायोलिन बाजूला ठेवून भलतीच वाट धरील, तर एकदम दार लावून घेऊ नये. त्याने लपवून केले असेल तर जरूर कान धरावा. पण कान धरल्यावर त्याचे मन कशात आहे तेही पाहावे. लिलीबाईंनी तेवढेच केले. त्या शिकलेल्या नव्हत्या, शेतात राबणाऱ्या होत्या. पण मुलाचे खेळणे बदलले तरी वळण बदलू द्यायचे नाही, एवढे शहाणपण त्यांच्यापाशी होते.

एवढे सांगून हे चरित्र पुरे करते.